डायमंडचा चौक: आर्मा काउंटीतल्या ऑरेंज गावलॉजचं प्रकरण

मराठीत 'लॉज' म्हटलं की मुक्कामाची खोली डोळ्यांसमोर येते, फार तर मुंबई-पुण्यातल्या फ्रीमेसनांची जुनी इमारत. उत्तर आयर्लंडच्या आर्मा काउंटीत लॉज म्हणजे माणसं. महिन्याच्या ठरलेल्या संध्याकाळी वीस-पंचवीस शेतकरी, सुतार, दुकानदार, बसचालक एकत्र येतात, टेबलावर बायबल उघडं ठेवतात आणि दार आतून राखलं जातं. इमारत नसली तरी लॉज चालतो. पहिली शंभर वर्षं बरेच लॉज कुणाच्या धान्याच्या कोठारात, शाळेत नाहीतर खानावळीच्या माडीवर भरत. सनद नसेल तर मात्र लॉज नाही. ही सनद म्हणजे वरिष्ठ लॉजने दिलेला, क्रमांक घातलेला एक कागद. तिकडे त्याला वॉरंट म्हणतात.

हे लॉज ऑरेंज ऑर्डरचे, म्हणजे राजा विल्यम ऑफ ऑरेंज याच्या नावाने चालणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या बंधुसंघटनेचे. तिचा इतिहास बहुधा मिरवणुका आणि दंगलींतून सांगितला जातो. पण ही संघटना सव्वादोनशे वर्षं टिकली ती या कागदामुळे. कुठल्याही वाडीला आपला क्रमांक मिळवून आपला कारभार आपण चालवता आला. तिचा मोठा दोषही त्याच सोयीतून निघाला. दोन्ही गोष्टी सुरुवातीपासून, लॉखगॉल गावाजवळच्या डायमंड नावाच्या चौकापासून, दिसतात.

माग आणि पाच एकर

अठराव्या शतकाच्या शेवटी आर्मा ही आयर्लंडमधली सर्वांत दाट वस्तीची काउंटी होती, आणि त्याचं कारण होतं लिनन. शेतात जवस पिकवायचा, तो पाण्यात कुजवायचा, कुटून-विंचरून धागा मोकळा करायचा. बायका सूत कातायच्या, पुरुष माग चालवायचे आणि कोरं कापड आठवडी बाजारात व्यापाऱ्याला विकलं जायचं. जमिनीचा खंड मागाच्या मिळकतीतून भागायचा, म्हणून पाच-दहा एकरांत घर चालायचं. मुलं मोठी झाली की त्याच तुकड्याचे आणखी तुकडे पडायचे. शेजाऱ्याचा माग आपल्या मागापासून हाकेच्या अंतरावर आणि दोघांचं गिऱ्हाईक एकच.

माणसं मात्र तीन पंथांत वाटलेली होती: चर्च ऑफ आयर्लंडचे अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन हे दोन प्रोटेस्टंट पंथ, आणि तिसरे कॅथलिक. काउंटीत तिघांचं बळ जवळजवळ सारखं, त्यामुळे कुणालाच निश्चिंत झोप नव्हती. दंडक कायद्यांनी कॅथलिकांना जमिनीच्या हक्कापासून आणि शस्त्रांपासून दूर ठेवलं होतं. १७७८ आणि १७८२च्या कायद्यांनी जमिनीवरची बंधनं सैल झाली, १७९३मध्ये ठरावीक मिळकतीच्या कॅथलिकांना मतही मिळालं. गरीब प्रोटेस्टंट विणकराला यातून एकच गोष्ट दिसली. कालपर्यंत जो भाडेपट्ट्याच्या बोलीत उतरू शकत नव्हता, तो आता आपल्यापेक्षा जास्त खंड कबूल करून जमीन घेतो आहे.

पहाटे घरात घुसून 'शस्त्रं शोधणाऱ्या' प्रोटेस्टंट टोळ्यांना पीप ओ डे बॉइज हे नाव पडलं, कारण त्या उजाडायच्या सुमाराला यायच्या. त्यांच्याविरुद्ध कॅथलिकांनी पहारे बसवले, ते डिफेंडर. हे पहारे पुढे शपथबद्ध गुप्त संघटना झाले आणि त्यांनीही हल्ले केले. दहा वर्षं जत्रा, बाजार आणि चौक यांत ही चकमक धुमसत राहिली.

सोमवार, २१ सप्टेंबर १७९५

सप्टेंबरच्या मध्याला दोन्हीकडची माणसं डायमंडभोवती जमली. काही दिवस लांबून गोळीबार झाला, मग स्थानिक सभ्य गृहस्थ आणि कॅथलिक धर्मगुरू यांच्या मध्यस्थीने तह झाला आणि बरीचशी माणसं घरी निघाली. तह मोडला तो उशिरा आलेल्यांनी. लांबून चालत आलेल्या डिफेंडरांच्या नव्या तुकड्यांना हा तह मान्य नव्हता. सोमवारी सकाळी त्यांनी चौकातल्या डॅन विंटर या प्रोटेस्टंटाच्या गवताने शाकारलेल्या घरावर हल्ला केला.

पुढचं सगळं जागेने ठरवलं. प्रोटेस्टंट वर टेकडीवर होते, त्यांच्याकडे बंदुका जास्त आणि त्या चालवण्याचा सरावही. डिफेंडर खाली उघड्यावर होते. लढाई थोडक्यात आटोपली. मेलेल्या डिफेंडरांचा आकडा कागदपत्रांत डझनापासून चाळीसच्या पुढेपर्यंत येतो. साधारण तीस धरायची रीत आहे. टेकडीवरचं कुणी मेलं नाही. विंटरचं घर जळालं, पुन्हा शाकारलं गेलं आणि आजही जतन केलेलं पाहायला मिळतं.

त्या संध्याकाळी लॉखगॉलच्या जेम्स स्लोनच्या खानावळीत विजयी बाजूच्या मंडळींनी कायमची संघटना बांधायचं ठरवलं. विंटर आणि स्लोन यांच्याबरोबर तिसरं नाव येतं ते टिरोन काउंटीतल्या डायअनच्या जेम्स विल्सनचं. संघटनेला आकार मिळाला तो विल्सनमुळे. तो फ्रीमेसन होता. राखलेलं दार, खुणेचा शब्द, टप्प्याटप्प्याने दिलेली दीक्षा, गुरुबंधूसारखं नातं आणि क्रमांकाची सनद, हा सगळा साचा त्याच्या ओळखीचा होता. टोळीला लॉज करायचं तंत्र तिथून आलं. पहिल्या क्रमांकाची सनद लॉखगॉलला न जाता विल्सनच्या डायअनला गेली. स्लोनने ती लिहायला घेतली तेव्हा लेखणी हाताशी नव्हती, म्हणून बागेतल्या झुडपाची काडी मोडून सही केली, असं ऑर्डरमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगतात.

या कागदाने काय घडवलं ते दहाच महिन्यांत दिसलं. जुलै १७९६मध्ये काउंटीचा गव्हर्नर लॉर्ड गॉसफर्ड याने स्वतःच्या इस्टेटीतून जाणारी मिरवणूक पाहिली आणि वरिष्ठांना कळवली. माणसं दोन-दोनच्या रांगेत, निःशस्त्र, टोपीला नारिंगी फित लावलेली. पुढे रंगवलेल्या काठ्या घेतलेले म्होरके, प्रत्येक तुकडीबरोबर बासरीवाला. आणि तुकड्या ओळखायच्या त्या निशाणावरच्या क्रमांकांनी. वर्षापूर्वी हेच लोक पहाटे दारं फोडणारे म्हणून ओळखले जात होते. आता ते मोजता येत होते.

मोडलेले माग

ही गोष्ट इथे थांबवणारे बरेच आहेत. थांबता येत नाही, कारण डायमंडनंतरच्या हिवाळ्यात आर्मातून आणि शेजारच्या भागांतून कॅथलिक कुटुंबांना हुसकावलं गेलं. रीत ठरलेली होती. आधी दारावर चिठ्ठी: अमुक दिवसांत कॉनॉटला (आयर्लंडच्या पश्चिम प्रांतात) निघा, नाहीतर नरकात. मग रात्री टोळी. छप्पर जाळलं जायचं किंवा खिडक्या फुटायच्या, पण त्याआधी माग मोडला जायचा आणि मागावर चढवलेला ताणा कापला जायचा. यातला नेमकेपणा पाहिला पाहिजे. घर महिनाभरात पुन्हा उभं राहतं. तुटलेला माग, कापलेलं अर्धं विणलेलं कापड आणि उधारीने आणलेलं सूत गेलं की त्या घराचा पुढचा खंड बुडतो आणि जमीन आपोआप मोकळी होते. धर्म, जमीन आणि बाजार तिन्ही त्या एका घावात होते. सुमारे ७,००० माणसं गेली असा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. बरीच मेयो काउंटीत पोचली आणि विणकाम बरोबर घेऊन गेली.

२८ डिसेंबर १७९५ला गॉसफर्डने काउंटीच्या न्यायाधिकाऱ्यांना बोलावून बजावलं की इथे माणसांचा गुन्हा एवढाच धरला जातो की ते कॅथलिक आहेत, आणि हे थांबलंच पाहिजे. ऑर्डरचं म्हणणं असं की मोडतोड करणारे सभासद नव्हते. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण ज्या कागदाने माणसं मोजता येत होती, त्याच कागदावर कुणाला जाब विचारला गेला नाही. सनदेने शिस्त आणली ती मिरवणुकीत. रात्रीच्या वाटेवर तिने कुणाला अडवलं नाही. आमच्या मते या प्रकरणातली मूळ चूक हीच, आणि पुढची प्रत्येक अडचण तिचंच वेगळं रूप आहे.

जमीनदारांनी आधी नाक मुरडलं, मग इंग्रजी सत्तेविरुद्ध संघटित झालेल्या युनायटेड आयरिशमनांची भीती वाढली तसं याच लोकांना जवळ केलं. १७९६च्या शरदात उभ्या राहिलेल्या यीमनरी या सरकारी स्वयंसेवक पलटणींत ऑरेंजमन भरती झाले आणि १७९८च्या बंडाच्या वर्षी डब्लिनमध्ये सगळ्या लॉजांवरचं ग्रँड लॉज स्थापन झालं. त्या बंडात कितीतरी प्रेस्बिटेरियन समोरच्या बाजूला होते, हे विसरायला नको. सुरुवातीची ऑर्डर मुख्यतः अँग्लिकन गरिबांची. प्रेस्बिटेरियन मोठ्या संख्येने आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि होम रूलच्या (आयर्लंडच्या स्वराज्याच्या) प्रश्नाने ती सरमिसळ पक्की केली.

वरचं मोडलं, खालचं राहिलं

१८२५च्या कायद्याने ग्रँड लॉजला तीन वर्षं गप्प बसावं लागलं. १८३५मध्ये ब्रिटिश संसदेच्या चौकशीत बाहेर आलं की सैन्याच्या पलटणींतही लॉज आहेत आणि ग्रँड मास्टर असलेल्या ड्यूक ऑफ कंबरलँडच्या सहीच्या कोऱ्या सनदा फिरत आहेत. कोरी सनद म्हणजे कुणाला कुठे लॉज काढू दिला याची नोंदच नाही. साचा बिघडतो कसा याचं याहून चांगलं उदाहरण नाही. १८३६मध्ये ग्रँड लॉज विसर्जित झालं. गावांत मात्र फरक पडला नाही. सनद पेटीत होती, वर्गणी गोळा होत होती, दर महिन्याची बैठक कुणी चुकवली नाही. दहाएक वर्षांनी वरचा डोलारा पुन्हा उभा राहिला तो या पायावर.

१२ जुलै १८४९ला डाउन काउंटीत रॅथफ्रिलंडकडचे लॉज लॉर्ड रोडनच्या टॉलीमोर पार्कला गेले ते डॉलीज ब्रे या कॅथलिक वस्तीच्या खिंडीतून. जाताना निभावलं. परतताना त्याच वाटेवर गोळ्या चालल्या, घरं जळाली, तीसच्या आसपास कॅथलिक मेल्याचं सांगितलं जातं. रोडनचं न्यायाधिकारीपद गेलं आणि १८५०मध्ये मिरवणुकांवर बंदीचा कायदा आला. १८६७मध्ये बॅलीकिलबेगच्या विल्यम जॉन्स्टनने न्यूटाउनार्ड्सपासून बँगरपर्यंत मिरवणूक नेऊन तो मोडला, तुरुंगात गेला, १८६८मध्ये बेलफास्टमधून खासदार झाला. कायदा १८७२मध्ये रद्द झाला.

हॉल, पदं आणि ढोल

गावोगावचे ऑरेंज हॉल मुख्यतः यानंतरचे. जमीनदाराने किंवा एखाद्या सभासदाने शेताचा कोपरा दिला, सभासदांनी अंगमेहनत केली. एकमजली इमारत, पुढे छोटी पडवी, दगडी किंवा पत्र्याच्या भिंती, दर्शनी भिंतीत लॉजचा क्रमांक आणि वर्ष कोरलेला दगड, मागे चहाची खोली. हॉल नुसता लॉजचा राहिला नाही. संडे स्कूल, बँडचा सराव, नाच, पत्त्यांचे डाव, हिवाळ्यात चटईवरचा बोल्स हा चेंडूचा खेळ, सगळं तिथेच. ज्या टाउनलँडमध्ये (आपल्या वाडीएवढा महसुली तुकडा) चर्च तीन-चार मैलांवर असे, तिथे प्रोटेस्टंट वस्तीला एकत्र बसायला ही एकच जागा होती. कागदोपत्री हॉल दोन-तीन विश्वस्तांच्या नावे असतो, आणि नेहमीची अडचण तिथेच. विश्वस्त एकेक करून मरतात, नवी नावं चढवायची राहून जातात, आणि छप्पर दुरुस्तीसाठी कर्ज किंवा विमा हवा असला की मालक कोण हेच सिद्ध होत नाही.

बैठकीची रीत दोन शतकांत फार बदललेली नाही. टायलर दार राखतो. मास्टर अध्यक्ष, त्याच्या हाताखाली डेप्युटी मास्टर. चॅप्लेन प्रार्थना आणि बायबलचा उतारा वाचतो, सेक्रेटरी मागचं इतिवृत्त, खजिनदार वर्गणी. नवा माणूस घ्यायचा तर एकाने सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग मतदान. गावचा लॉज जिल्हा लॉजखाली, जिल्हा काउंटीखाली, काउंटी ग्रँड लॉजखाली. वर्षाचा हिशेब आणि माणशी वर्गणी याच पायऱ्यांनी वर जाते. सभासद वारला की बंधू पट्टे घालून शवपेटीपुढे चालतात. वडील गेलेल्या मुलांसाठी ऑर्डरचा अनाथ निधी आहे. कल्याणकारी सरकार यायच्या आधी एकट्या पडलेल्या शेतघराला या गोष्टीचं मोल किती होतं, ते शहरातून पाहणाऱ्याला चटकन कळत नाही.

आर्माच्या खेड्याची खरी ओळख मात्र लँबेग ढोल. ढोल-ताशा पथकात ज्यांनी दोऱ्या ओढल्या आहेत त्यांना हे लगेच समजेल. व्यास साधारण तीन फूट, खोली दोन फूट, वजन सोळा-अठरा किलो, पट्टा मानेतून. ओकच्या पातळ फळीचा गोल, दोन्ही बाजूंना बकरीच्या कातड्याची पानं, मधून लिननची दोरी. वाजवायला टिपरू नाही, मलाक्का वेताच्या दोन लवचिक छड्या.

पान चढवण्यात सगळी कला आहे. दोन्ही पानं एकाच सुरात यायला हवीत. एक जरी खाली राहिलं तर आवाज घुमतो पण खणखणत नाही. म्हणून थोडं ओढायचं, कडेने छडीने ठोकत ऐकत जायचं, समोरच्या बाजूला तेवढंच ओढायचं, पुन्हा ऐकायचं. स्पर्धेआधी यात तास-दीड तास सहज जातो. दमट हवेत पान सैल पडतं. उन्हात तेच आणखी ओढलं जातं, आणि त्या क्षणी कुणी हावरेपणाने एक पीळ जास्त दिला की पान फाटतं. स्पर्धेत ढोलवाले गोल फिरत वाजवतात आणि परीक्षक आवाजाची जात ऐकतात. आवाज १२० डेसिबलच्या आसपास. तो शेताच्या पलीकडे जातो आणि तिथे कोण राहतं यावर त्याचा अर्थ ठरतो: एका घरात तो आजोबांच्या हातचा ठेका असतो, दुसऱ्यात धमकी.

बारा जुलै आणि परतीची वाट

प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवलं ती बॉयनची लढाई झाली जुन्या कालगणनेच्या १ जुलै १६९०ला. १७५२मध्ये दिनदर्शिका ११ दिवस पुढे सरकली आणि तो दिवस १२ जुलैवर आला. आर्मात काउंटीचा मेळावा दरवर्षी वेगवेगळ्या जिल्ह्याकडे जातो. सकाळी लॉज आपल्या हॉलवर जमतो, आपल्या टाउनलँडमधून छोटी फेरी काढतो, मग बसने यजमान गावी. रेशमी बॅनर दोन खांबांवर, वारा आवरायला चारी बाजूंनी दोऱ्या, त्या बहुतेकदा मुलांच्या हातात. बॅनरवर पांढऱ्या घोड्यावरचा राजा विल्यम, गावचं चर्च किंवा दिवंगत सभासदाचं चित्र. मैदानावर प्रार्थना, ठराव, भाषणं, सँडविच, आणि दुपारनंतर परत.

संघर्ष मैदानावर क्वचित होतो, वाटेवर होतो. कारण वाट जुनी असते आणि वस्ती बदलते. डायमंडपासून थोड्याच मैलांवर असलेल्या पोर्टडाउनमध्ये ड्रमक्रीच्या चर्चमधून परतीची वाट गार्व्हाघी रोडवरून होती. एकेकाळी तिथे शेतं होती, नंतर कॅथलिक वसाहती झाल्या. १९९५पासून तिथे दरवर्षी अडवणूक झाली आणि जुलै १९९८पासून ती वाट बंद आहे. १९९८च्या कायद्याने आता मिरवणुकीच्या आयोजकाला २८ दिवस आधी पोलिसांकडे अर्ज भरावा लागतो: वाट, वेळ, माणसं, बँड. परेड्स कमिशन त्यावर अटी घालू शकतं. बहुसंख्य गावमिरवणुका आजही कुणाच्या तक्रारीविना होतात, कारण सेक्रेटरी आधीच शेजाऱ्यांशी बोललेला असतो.

चॅपलच्या भिंतीबाहेर

सभासदाच्या पात्रतेत कॅथलिक उपासनेला हजर न राहण्याची अट आहे. खेड्यात तिचा अर्थ अगदी ठळक दिसतो. ज्याच्याकडून ट्रॅक्टर उसना आणला, ज्याच्या गायीच्या वेताला रात्री धावून गेलो, तो कॅथलिक शेजारी वारला तर ऑरेंजमन अंत्ययात्रेत चालतो, चॅपलच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, फाटकापर्यंत. मास (कॅथलिक उपासना) चालू असताना तो बाहेर भिंतीशी टोपी काढून उभा राहतो आणि पेटी बाहेर आली की पुन्हा मागे लागतो. अनेक शेजारी हे समजून घेतात. पण ती भिंत तिथे आहे, आणि ती नियमाने उभी केली आहे, हे नाकारता येणार नाही.

दुसऱ्या बाजूचा घावही तितकाच खरा आहे. १ सप्टेंबर १९७५च्या रात्री दक्षिण आर्मात न्यूटाउनहॅमिल्टनजवळच्या टलीव्हॅलनच्या हॉलमध्ये लॉजची मासिक बैठक चालू असताना बंदूकधारी आत शिरले. पाच सभासद मेले, सात जखमी झाले. रानातला एकाकी हॉल, महिन्याची ठरलेली तारीख, एकच दार. ज्या नियमितपणाने लॉज टिकला त्यानेच मारेकऱ्यांना वेळ सांगितली. त्या काळात सीमेलगतच्या प्रोटेस्टंट कुटुंबांनी शेतं विकून आत सरकायला सुरुवात केली होती. हॉलवरची जाळपोळ तर ट्रबल्स, म्हणजे १९६०च्या दशकाअखेरीपासून १९९८पर्यंतचा उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार, संपल्यावरही चालू राहिली.

सनद परत जाते

गेल्या अर्धशतकात ऑर्डरचे सभासद निम्म्याहूनही कमी झाले. गावचा लॉज एका दिवसात बंद पडत नाही. आधी बँड शेजारच्या लॉजच्या बँडमध्ये मिसळतो. मग मास्टर, सेक्रेटरी आणि खजिनदार ही पदं त्याच दोघा-तिघांत फिरू लागतात. बारा जुलैला बॅनर धरायला माणसं उसनी आणावी लागतात, कारण खांब दोन, आळीपाळीला आणखी दोन, आणि दोऱ्या चार. त्यानंतर एखाद्या हिवाळ्यात कोरम भरत नाही.

तेव्हा उरलेले सभासद बदलीचा दाखला घेऊन जवळच्या लॉजमध्ये जातात. इतिवृत्ताच्या वह्या जिल्ह्याकडे किंवा संग्रहालयाकडे दिल्या जातात. स्लोनच्या लॉखगॉलमधल्या घरात २०१५पासून असं संग्रहालय आहे. ढोलाच्या दोऱ्या सैल करून ठेवतात, नाहीतर पानं वाळून फुटतात. आणि सनद काढून घेतली जाते, जिल्ह्यामार्फत वर पाठवली जाते, आणि क्रमांक मोकळा होतो. पुढे कधी दुसऱ्या गावात पुरेशी माणसं जमली तर तोच क्रमांक त्यांना देता येतो.